सिवेमाच्या पेटीतले पैसे कोण नेतं

पांगानीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर सकाळी सहाला जावं, तर बदामाच्या झाडाखाली सिवेमा ठरलेली. पुढ्यात दोन शेगड्या. एकीवर चहा, दुसरीवर खळग्याखळग्यांचा तवा आणि त्यात टम्म फुगत असलेले विटुंबुआ. तांदूळ, नारळाचं दूध, साखर, वेलदोडा. आप्प्यांचे थोरले भाऊच म्हणा. नदीपलीकडची माणसं बोटीतून उतरायच्या आधीच वासानं अर्धी जेवून घ्यायची. बाईच्या हाताला चव होती, त्यात कुणाचं दुमत नव्हतं. पण त्याच हातावर कुणी नोट ठेवली, की तिचे डोळे बारीक व्हायचे.

नोट ती उजेडात धरायची. उलटीपालटी करायची. हुंगायची. देणाऱ्यानं ती कुठल्या खिशातून काढली, तेही बघून ठेवायची. दिवसाची पहिली नोट तर ती हातात घेतच नसे. डब्याच्या झाकणावर टाकायला लावायची, गरम चिमटा तिच्यावरून फिरवायची, चिमूटभर मीठ भुरभुरवायची आणि मग आत ढकलायची. आत एक कोळसा, एक सुई आणि एक वाळकी मिरची आधीच राखणीला बसलेली असायची.

हे सगळं चुमा उलेटेच्या भीतीनं. म्हणजे ‘तोड आणि घेऊन ये’. काही माणसं म्हणे मंतरलेली नोट घेऊन बाजारात फिरतात. ती नोट तुमच्या डब्यात शिरली, की आतल्या बाकीच्या पैशांना फितवते आणि सगळ्यांना घेऊन आपल्या मालकाकडे परत जाते. तुम्ही दिवसभर राबता, मोजायला बसता, आणि डबा अर्धा. बाजारातल्या सगळ्याच बायांना याची थोडी थोडी भीती असते. सिवेमाला खात्री होती.

तिच्या बाजूनंही बोलायला हवं. एकोणिसाव्या वर्षी ती मुहेझा गावाहून लग्न होऊन इथं आली. पाच वर्षांनी नवरा लवंगा तोडायला पेम्बा बेटावर गेला आणि तिथंच दुसरा संसार मांडून बसला. जाताना पिठाच्या डब्यात हिनं लपवलेले पैसेही घेऊन गेला. हिनं ते लपवलेत हे त्याला कळलं कसं, याचं उत्तर तिला चोवीस वर्षांत सापडलं नाही. मग बायकांची भिशी धरली, तर भिशी सांभाळणारी बाई नेमकी हिचा नंबर लागायच्या महिन्यात रातोरात डोडोमाला पसार झाली. तेव्हापासून सिवेमा माणसांना दोनच प्रकारात बसवायची. ज्यांनी तिला फसवलंय ते, आणि जे अजून संधी बघतायत ते.

आता बदामाच्या झाडाखालून उठायची वेळ आली होती. धक्का रुंद होणार होता आणि झाडाखालच्या सगळ्या विक्रेत्यांनी नव्या वर्षाच्या आत जागा सोडायची, असा हुकूम निघाला होता. धक्क्यासमोरच म्झे शेमदोए या म्हाताऱ्या घरमालकाची रस्त्यावर उघडणारी एक खोली होती. तिथला शिंपी डिसेंबरअखेर गावी जाणार होता. खोली मिळाली तर सिवेमाच्या डोक्यावर पत्रे आले, पाऊस पडला तरी शेगडी पेटती राहिली, आणि बोटीची माणसं नाकासमोर. नाही मिळाली तर टोपली डोक्यावर घेऊन दारोदार हिंडायचं, तेही अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना. म्झे शेमदोए इतर मालकांसारखाच सहा महिन्यांचं भाडं एकदम मागत होता. तीन लाख शिलिंग.

“डिसेंबरपर्यंत तुझ्यासाठी थांबतो,” तो जानेवारीत तिला म्हणाला होता. “पुढं एक दिवस नाही.”

“आणि मधेच दुसऱ्याला दिलीत तर?”

“मग तू मला शिव्या दे. तशाही देतच असतेस.”

रोज दोन हजार बाजूला टाकले तर पाच महिन्यांत काम होत होतं. हिशेब काही अवघड नव्हता. अवघड होतं ते पैसे ठेवायचे कुठं. बँक म्हणाल, तर ती न विचारता कापून घेते. फोनमध्ये भरावेत, तर अंगठा चुकला की पैसे म्वान्झाच्या कुणा अनोळखी माणसाला. कुरुथुम आजीच्या बचत गटात घालावेत, तर तिथं वीस बायका, म्हणजे चाळीस डोळे तिच्या पैशावर. शेवटी तिनं सुताराकडून किबुबू करून घेतली. म्हणजे लाकडी पेटी. वर नोट जाईल एवढी फट, आणि बाकी सगळीकडून खिळे ठोकलेली. झाकण नाही, कुलूप नाही, फोडायची तेव्हाच फोडायची. पेटी तिनं पलंगाखाली भिंतीला लावून ठेवली आणि वर जुनी चटई टाकली.

आता पुढचं सांगण्याआधी खरं काय ते सांगून टाकलेलं बरं.

पेटीतून पैसे जात होते आणि ते सिवेमाच काढत होती. झावळीची एक लांब हीर तिनं तासून घेतली होती. तिच्या टोकाला फणसाचा चीक लावायचा, हीर फटीतून आत सोडायची आणि नोट चिकटली की अलगद वर ओढायची. सराव इतका झाला होता, की बोलता बोलता, पाठ दाराकडे करून, न बघता ती दोन-चार नोटा वर काढायची. पण याला ती पैसे काढणं म्हणत नव्हती. हे उसने होते. लग्नाच्या वर्गणीचं कार्ड आलं, नाही कसं म्हणणार? उद्या दार-एस-सलामला शिवणकाम करणाऱ्या तिच्या मुलीचं, झुहुराचं लग्न निघालं, तर कोण उभं राहील? लग्नाला सगळ्या बायकांनी एकाच छापाचा कांगा नेसायचा ठरलं, मग हिनं एकटीनं वेगळा नेसायचा? मयतीला रिकाम्या हातानं जायचं? आणि फुलाफुलांच्या वाडग्यांचा तो फिरता विक्रेता पुन्हा येणार कधी? प्रत्येक वेळी ती स्वतःला बजावायची, की शुक्रवारी परत टाकीन. शुक्रवार आले, गेले. परत टाकायचेच आहेत म्हटल्यावर तिच्या मनाच्या हिशेबात ते पैसे पेटीतून कधी बाहेर पडलेच नाहीत.

मे महिना सरला तेव्हा सिवेमाच्या मते पेटी गच्च भरायला हवी होती. नोट आत जायला जागा नको होती. पण नोट टाकली की आत पोकळ आवाज यायचा, रिकाम्या हंड्यात पान पडावं तसा. तिनं पेटी हलवून बघितली. कानाला लावून बघितली. आणि मग पलंगावर बसून गल्लीतल्या एकेका माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला.

सगळे चेहरे फिरून शेवटी तातूवर येऊन थांबले.

तातू तिशीची, बारीक चणीची बाई. सिवेमापासून दोन चटया सोडून बसायची आणि घेवड्याची उसळ नि चपात्या विकायची. ती रोज सकाळी सिवेमाकडून दोन विटुंबुआ घ्यायची आणि दोन हजारांची कोरी करकरीत नोट द्यायची. आता बघा, हे सगळंच संशयाचं नव्हे काय? जिच्या स्वतःच्या टोपलीत चपात्या आहेत, तिनं दुसरीकडचं कशाला खावं? बाजारात सगळ्यांच्या हातात मळकट नोटा, हिच्याच हातात कोऱ्या कुठून येतात? आणि उरलेले सुटे पैसे परत घेताना ती हसते कशाला?

सिवेमा आधी एका गंडेदोरेवाल्याकडे गेली. त्यानं तिची पेटी बघितली नाही, तिला प्रश्नही विचारला नाही, डोळे मिटून सांगितलं, की जवळची बाई आहे, सडपातळ. पंधरा हजार घेतले आणि पेटीला बांधायला काळा दोरा दिला. ते पंधरा हजारही हिरीनंच बाहेर आले, हे वेगळं सांगायला नको. दोरा बांधूनही आवाज पोकळच राहिला, तेव्हा सिवेमानं स्वतःच सापळा लावायचं ठरवलं.

एका सोमवारी तातूनं नोट दिली, तशी सिवेमानं ती वेगळी ठेवली. सुईच्या टोकानं तव्याखालची काजळी घेतली आणि नोटेच्या कोपऱ्यात, सिंहाच्या चित्रालगत, नीट एक ठिपका काढला. दुपारी घरी जाऊन ती एकच नोट पेटीत टाकली. आता ती नोट बाहेर कुठं दिसली, तर तातूचं कारस्थान उघडं पडलंच म्हणून समजा. नऊ दिवस ती बाजारभर प्रत्येकाच्या हाताकडे बघत हिंडली. लोक तिला विचारायला लागले, की बाई, काही हरवलंय का.

दहाव्या दिवशी ती सालेहेच्या वखारीत गेली. हा कोळसेवाला म्हणजे पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं सुटे पैसे परत दिले, त्यात ती नोट होती. कोपऱ्यात सिंह, सिंहालगत ठिपका.

 सिवेमानं नोट मुठीत धरली, पदराला धरावं तसं सालेहेच्या बाहीला धरलं आणि त्याला तसाच ओढत तातूच्या चटईपर्यंत आणलं. बोट नुकतीच लागलेली. माणसं थांबली, भोवती गोळा झाली. सिवेमानं सगळ्यांना नोट दाखवली. ही आपण आपल्या पेटीत टाकली होती, पेटीला खिळे आहेत, खिळे जागच्या जागी आहेत, आणि नोट मात्र बाहेर आली आहे, तेव्हा ती कुणाच्या मंत्रानं बाहेर आली ते आता सगळ्यांनी बघावं, असं तिनं घसा ताणून सांगितलं.

“तातूनं दिली ना तुला ही?” तिनं सालेहेला विचारलं. “सांग. घाबरू नकोस.”

सालेहेनं आधी बाही सोडवून घेतली. मग नोटेकडे निरखून बघितलं.

“ही तू दिलीस, झुहुराच्या आई.”

“मी?”

“मागच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी. आदल्या रात्रीच्या पावसात तुझा कोळसा भिजला म्हणून धावत आलीस, आठवतंय का? एक डबा कोळसा नेलास.” तो थांबला. त्याला वाक्य पुरं करायला नेहमीच वेळ लागायचा. “नोट हाताला चिकटत होती. म्हणून लक्षात राहिली. मी बायकोला म्हटलंसुद्धा, ही बाई फणस खाऊन हात धूत नाही. बघ ना, अजून चिकटतेय.”

सिवेमानं अंगठा नोटेच्या कडेवर ठेवला. अंगठा उचलला तशी नोटही त्याच्याबरोबर उचलली गेली.

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. तातू मात्र हसली नाही. ती उसळीच्या पातेल्यावर झाकण ठेवून उभी राहिली.

“मला तुझ्या हातची चव आवडायची, म्हणून घेत होते मी,” ती म्हणाली. “आणि कोऱ्या नोटा देत होते, कारण मळकी दिली की तू हुंगतेस. चारचौघांत लाज वाटायची मला. उद्यापासून खाईन माझ्याच चपात्या.”

सिवेमा घरी आली. तिथपर्यंतच्या रस्त्यात तिनं बरेच मार्ग शोधले. सालेहे नि तातूचं संगनमत असेल. चीक त्यांनीच लावला असेल. फणसाचं झाड काय तिच्या एकटीच्या दारात आहे? पण मंगळवारचा भिजलेला कोळसा तिला आठवत होता, आणि त्या सकाळी पाठमोरं बसून, घाईघाईत, न बघता वर ओढलेली नोटही. तिनं दार लावलं, हातोडी घेतली आणि पेटीचे खिळे उपटले.

आत एक्केचाळीस हजार होते. तिनं दिवस मोजले. जानेवारीपासून एकही दिवस चुकला नव्हता. दोन हजारांच्या हिशेबानं पुरे तीन लाख तिच्या हातून या फटीत गेले होते. म्हणजे खोलीचं भाडं जमलं होतं. जमलं होतं आणि लोकांच्या लग्नात जेवून गेलं होतं.

ती बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली. एवढ्या वर्षांत तिनं गावातला एकही हात नजरेतून सुटू दिला नव्हता. हा एक मात्र सदानकदा बरोबर असायचा, म्हणून राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. कुरुथुम आजीच्या ओसरीवर दुपारच्या नमाजानंतर बचत गट बसायचा. कुरुथुम आजी सत्तरीची, एक डोळा अधू, पण दुसऱ्यानं दोघांचं काम करणारी. मधोमध लोखंडी पेटी, पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे, आणि पेटी राहायची चौथीच्या घरी. सिवेमा पायरीशी उभी राहिली. विचारावं कसं हे तिला सुचेना, म्हणून तिनं भांडणापासूनच सुरुवात केली.

“किल्ल्यावाल्या तिघी एक झाल्या तर?”

“त्या तिघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत,” आजी म्हणाली. “बघून बघून तशाच निवडल्यात.”

“मग इथं कुणाचा कुणावर विश्वास आहे तरी?”

“कुणाचाच नाही. म्हणून तर नऊ वर्षं चाललंय.”

हे उत्तर सिवेमाच्या मनात उतरलं. विश्वास ठेवा, विश्वास ठेवा असं सांगणाऱ्यांनीच तिला आजवर बुडवलं होतं. इथं निदान तोंडावर संशय घेत होते. ती वर चढून चटईच्या कडेला बसली आणि एक किल्ली आपल्याला मिळावी असं म्हणाली. ओसरीभर हसू पसरलं. फणसाच्या चिकानं पेटीत मासे पकडणारीला किल्ली द्यायची का, असं कुणीतरी मागून विचारलंही. कालची गोष्ट फेरीबोटीत बसून नदीपलीकडेसुद्धा जाऊन आली होती.

सिवेमानं मान खाली घातली नाही. “बरं, किल्ली नको,” ती म्हणाली. “पण मग एक लिहून घ्या. डिसेंबरपर्यंत मला यातलं काही द्यायचं नाही. कर्ज नाही, उसने नाही. मी रडले तरी नाही.”

“लिहिलं,” आजी म्हणाली. “रडायचा दंड वेगळा पडेल.”

वर्षाच्या मध्येच येत असल्यामुळं तिला प्रवेशासाठी एक मोठी किटली साखरेचा चहा सगळ्यांना पाजावा लागला. आठवड्याला जास्तीत जास्त दहा हजार टाकता येत होते. तेवढे टाकायचेच, असं तिनं ठरवलं. फोडलेल्या पेटीतले एक्केचाळीस हजार त्या चहात नि पहिल्या चार हप्त्यांतच संपले. आणि गटाचा एक जुना नियम होता. बऱ्याच बायकांना लिहितावाचता येत नसल्यामुळं एकट्या वहीवर भिस्त नसायची. प्रत्येकीनं उजवीकडच्या बाईची एकूण रक्कम तोंडपाठ ठेवायची आणि दर गुरुवारी सगळ्यांसमोर म्हणून दाखवायची. चटईवर जिथं जागा रिकामी होती तिथं सिवेमा बसली होती. तिच्या डावीकडे तातू होती.

त्यामुळं असं झालं, की धक्क्यावर दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या, पण गुरुवार आला की तातू समोरच्या भिंतीकडे तोंड करून म्हणायची, “झुहुराची आई, दहा हजार.” पुढच्या गुरुवारी, “झुहुराची आई, वीस हजार.” बस्स, एवढंच. पहिले काही आठवडे सिवेमा श्वास रोखून ऐकायची. हिला सूडच घ्यायचा तर एक आकडा खाली सांगितला की झालं. घरी जाऊन ती भिंतीवर कोळशानं रेघा मारून ठेवायची आणि दर गुरुवारी ताडून बघायची. रेघा नि तातू एकदाही वेगळं बोलल्या नाहीत. याचाही तिला संशय आला. इतकी सरळ का वागतेय ही?

एरवी कारणं तर दर आठवड्याला नवी उगवायची. साखर महागली. पावसानं गिऱ्हाईक आलं नाही. एवढ्याशा दहा हजारांनी कुणाची खोली झालीय? पण उशीर केला तर दंड होता, आणि दंड म्हणजे पैसे उघड उघड दुसऱ्यांच्या खिशात, ते तिला सोसवत नव्हतं. कारण सांगत सांगतच ती ओसरीची पायरी चढायची.

खरी कसोटी ऑक्टोबरात आली. तिचा धाकटा भाऊ शाबानी मुलीच्या लग्नाचं कार्ड घेऊन आला. कार्डावर आत्याची वर्गणी त्यानंच भरून आणली होती, पन्नास हजार. शिवाय कांगा. जांभळ्या रंगाचा, घरच्या सगळ्या बायकांचा एक. सिवेमाचा हात सवयीनं पलंगाखाली गेला आणि तिथं नुसती चटई लागली. भावाला तिनं उद्या ये म्हणून सांगितलं आणि तडक किल्लीवाल्यांकडे निघाली.

पहिलीच्या घराला कडी होती. कोरोग्वेला मयतीला गेलीय, सोमवारी येईल, असं शेजारणीनं सांगितलं. सिवेमाला ते मुळीच पटलं नाही. आपण निघालो तेव्हाच नेमकं कुणी मरतं काय? तिनं खिडकीतून वाकून बघितलं. दुसरी घरी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, किल्लीबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि उकडलेला कसावा पुढ्यात ठेवला. सिवेमा रागानं कसावा खात राहिली. डोळ्यांत पाणी आलं तसं तिला दंडाचं आठवलं आणि ते तिनं आवरलं. तिसरीकडे ती गेलीच नाही. पोट भरलं होतं आणि राग निम्म्यावर आला होता. उरलेल्या निम्म्या रागात तिला दिसलं, की आपण पैसे मागायला निघालोय ते भाचीसाठी नाही, जांभळ्या कांग्यासाठीही नाही. लोक काय म्हणतील, एवढ्यासाठी. आणि ते लोक कोण, तर ज्यांच्यातल्या एकावरही तिचा काडीचा विश्वास नव्हता ते.

दुसऱ्या दिवशी शाबानी आला, तेव्हा तिनं त्याला चहा दिला आणि सांगून टाकलं.

“पन्नास नाहीत. पाचही नाहीत. पैसे पेटीत आहेत आणि किल्ली माझ्याकडे नाही.”

“म्हणजे आहेत, पण द्यायचे नाहीत.”

“हो,” सिवेमा म्हणाली. बोलल्यावर तिलाच नवल वाटलं. “द्यायचे नाहीत. लग्नाच्या सकाळी तीनशे विटुंबुआ मी करून देईन. नारळ माझे, हात माझे.”

“लोकांना काय सांगू? मुलीच्या आत्यानं विटुंबुआ दिले म्हणून?”

“गरम दिले म्हणून सांग.”

“झुहुराचं निघू दे, ताई, मग बघू कोण येतं ते.” तो कप खाली ठेवून निघून गेला. कप अर्धा भरलेला होता. त्या अर्ध्या कपाकडे ती दुपारभर बघत राहिली, पण उठून त्याच्यामागं गेली नाही.

लग्नात जांभळ्या रांगेत ती एकटीच हिरव्या जुन्या कांग्यात बसली. कुजबुज झाली की तिचे कान उभे राहायचे. काही कुजबुज तिच्याबद्दलच होती, त्यात खोटं नको. बरीचशी मात्र नवऱ्यामुलाच्या काकाबद्दल होती. तो म्हणे अंगठी घरी विसरून आला होता. तीनशे विटुंबुआ दुपारच्या आत संपले.

डिसेंबरात वाटपाचा गुरुवार आला. तीन बायका तीन दिशांना तोंड करून आल्या, तीन कुलपं उघडली गेली. आजीनं वहीतला आकडा वाचायच्या आधी तातूनं भिंतीकडे बघत म्हटलं, “झुहुराची आई, दोन लाख साठ हजार.” वर वर्षाच्या व्याजातला वाटा चौतीस हजार. सहा हजार कमी पडत होते, ते सिवेमानं बरोबर आणलेल्या त्या सकाळच्या डब्यातून काढले. कोळसा नि मिरचीला तिनं आधीच निरोप दिला होता. पैसे तिनं जागेवरच तीनदा मोजले. कुणाला वाईट वाटलं नाही. सगळ्याच मोजत होत्या.

तिथून ती सरळ म्झे शेमदोएकडे गेली. घरी जायचं नाही, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, हे तिनं पक्कं केलं होतं. म्हातारा ओट्यावर बसून कॉफी पीत होता. तिला बघून तो जरा चुळबुळला. फोनची कव्हरं विकणारा एक माणूस परवाच खोली बघून गेला होता, आणि म्हाताऱ्यानं त्याला नाही असं काही म्हटलं नव्हतं, हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

“मला वाटलं, तुझ्याच्यानं काही जमत नाही,” तो म्हणाला.

“महिना संपलाय का?”

“नाही.”

“मग?” तिनं त्याच्यासमोर बैठक मारली आणि नोटांची चळत दोघांच्या मधोमध चटईवर ठेवली. “मोजा. आणि कागद करा. कागद हातात येईपर्यंत मी इथून हलत नाही. कव्हरवाला आला तर त्याला माझ्यावरून जावं लागेल.”

म्हाताऱ्यानं मोजले. मग आत जाऊन वही आणली, पान फाडलं, लिहिलं, सही केली, किल्लीही काढून दिली. सिवेमाला आकडे कळत होते, अक्षरं फारशी नाहीत. तीनाच्या पुढं पाच पूज्यं तिनं बोटानं मोजली. बाकीच्या ओळी मुंग्यांसारख्या पळत होत्या. दुसऱ्यालाही खोली दाखवणारा माणूस, भराभर लिहिलेलं. तिच्या मनात पाल चुकचुकली. रस्त्यावर येताच तिनं बसच्या कंडक्टरला थांबवून कागद वाचून घेतला. सहा महिने, तीन लाख, सगळे मिळाले, खोली सिवेमाबाईंना, असं त्यानं वाचलं. बरोबर वाटलं. पण कंडक्टर शेमदोएच्या बहिणीच्या सासरचा निघाला.

धक्क्यावर तातू चटई गुंडाळत होती. सिवेमा तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. सहा महिन्यांत गुरुवारखेरीज दोघींत शब्द नव्हता. काय म्हणावं ते तिनं मनात दोन-तीनदा जुळवलं, आणि मग त्यातलं काहीच न म्हणता कागद पुढं केला.

“वाचतेस?”

तातूनं हात कांग्याला पुसले, कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. सहा महिने. तीन लाख. सगळे मिळाले. खोली सिवेमाबाईंना.

“भाडं मध्येच वाढवीन, असं कुठं बारीक अक्षरात नाही ना?”

“नाही.”

“मागच्या बाजूला?”

तातूनं कागद उलटा करून दाखवला. मागची बाजू कोरी होती.

“त्या दिवशी मी तुझ्याबद्दल जे बोलले,” सिवेमा म्हणाली आणि थांबली. “ते खोटं होतं. सगळ्यांच्या देखत बोलले होते. गुरुवारी सगळ्यांच्या देखत सांगेन.”

“गट आता जानेवारीत बसेल,” तातू म्हणाली.

“मग जानेवारीत.” तिनं कागदाकडे बोट केलं. “पण आधी हे एकदा परत वाच. सावकाश. तुझ्यावर संशय नाही. म्हाताऱ्यावर आहे.”

तातू धक्क्याच्या पायरीवर टेकली, कागद गुडघ्यावर नीट पसरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली.